गाळलेल्या जागा

जहांगीरच्या पत्राला नारायणराव गुरुजींनी उत्तर दिलं नव्हतं. आलेलं पत्र वाचायचं, जमलं तर त्याच दिवशी उत्तर टाकायचं आणि मग ते भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवायचं, अशी त्यांची रीत. त्या तारेत सोयऱ्यांची, जुन्या विद्यार्थ्यांची कार्डं वर्षानुवर्षं लटकत होती. हे एकच पत्र तिथं गेलं नाही. ते पंचांगात घातलेलं होतं, आणि तिथी पाहायला पंचांग उघडलं की आपोआप तेच पान उघडायचं.

शेगावला स्टेशनजवळ जहांगीरचं सायकलचं दुकान होतं. अक्षर शाळेत गिरवल्यासारखं गोल. त्यानं लिहिलं होतं :

"गुरुजी, मी अमडापूरच्या शाळेत चौथीपर्यंत तुमच्या हाताखाली होतो. बाप तर आधीच गेला होता, आता आई गेली. भाऊ-बहीण नाही. परवा दुकानात बसल्या बसल्या मनात आलं की मी लहान होतो हे सांगणारं आता कोणी उरलं नाही. मी तुमच्या लक्षात आहे काय? नसलो तर नाही म्हणून लिहा, राग येणार नाही. पण लिहा."

गुरुजींनी डोळे मिटून वर्ग आठवून पाहिला. कौलांतून येणारे उन्हाचे कवडसे, ओल्या पाट्यांचा वास, टाटपट्टीवर ओळीनं बसलेली पोरं. एकेक चेहरा येऊन जायचा. जहांगीर हे नाव कानाला ओळखीचं वाटे, पण त्या नावाच्या जागी कोणी बसलेलं दिसत नसे. 'हो' लिहिणं खोटं झालं असतं. 'नाही' लिहायला हात उचलत नव्हता. स्वभावच असा भिडस्त की दोन्हींच्या मध्ये ते नुसते अडकून पडले.

पुढे शाळेला शंभर वर्षं होत आली. समारंभ करायचं ठरलं, आणि दिवाळीनंतर एका दुपारी हेडमास्तर हिंमतराव सायकलला कागदांचा गठ्ठा बांधून गुरुजींच्या दारात उतरले. तेही गुरुजींचेच विद्यार्थी.

"चिखलीहून मशीनवर काढून आणले," त्यांनी गठ्ठा ओट्यावर ठेवला. "हात पाहा कसे झाले. घरी गेलो तं बायको म्हणते, भट्टीवर लागले काय?"

सायक्लोस्टाईलच्या शाईचा उग्र वास ओट्यावर पसरला. गुरुजींनी वरचा कागद उचलला. मजकूर सगळ्या प्रतींवर सारखाच. आरंभी नावासाठी रेघ. मग, 'तू शाळेत असताना', आणि त्यापुढे एक लांब मोकळी रेघ. रेघेनंतर, 'ते आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. शाळेच्या शताब्दीला अवश्य यावे.' खाली गुरुजींचं नाव.

"नाव घालायचं ते कळलं. ही दुसरी जागा कशाची?"

"तिथं त्याची याद लिहायची. एकेकाची येगळी. मशीन सारखंच छापते गुरुजी, पण माणसाले वाटलं पाह्यजे का हे आपल्यालेच लिहेल हाये. नुसतं नाव टाकलं तं लोक म्हणतीन पत्रिका आली, अन् देतीन खुंटीले खोचून."

"इतक्यांचं मला कुठं आठवणार?"

"तुम्हाले नाही तं कोणाले? सांगा बरं, मी कुठं बसत होतो?"

"दाराजवळ. पळायला सोपं जावं म्हणून."

आतून गुरुजींच्या पत्नी मनकर्णाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या हसल्या. हिंमतरावांनी कानाला हात लावला. "माह्यावालं तेवढं लिहू नोका. गठ्ठ्यात नावाची यादी हाये, बाकीच्यांचं भरून देजा. पत्ते टाकून मी लिफाफे करून ठेवतो."

गुरुजी रोज सकाळी ओट्यावर बसून त्या जागा भरू लागले. शाळेत ते पोरांना गाळलेल्या जागा भरायला द्यायचे, आता त्यांनाच कोणी दिल्या होत्या. आरंभ सोपा गेला. कोणी सकाळची मोट हाकून यायचा, कोणी परीक्षेला बहिणीला कडेवर घेऊन बसलेली. पण आठवणारी संपली आणि न आठवणारी उरली. वरवट बकालच्या पुंजाजीचा कागद समोर आला तेव्हा लेखणी थांबली ती थांबलीच. पुंजाजी म्हणून कोणीच दिसेना. जागा कोरी ठेवावी तर तो म्हणेल, गुरुजींच्या लेखी मी नव्हतोच.

मग हात आपोआप चालल्यासारखा चालला. 'ओली पाटी पोटावर घासून कोरडी करायचास आणि पोट पांढरं करून घ्यायचास.'

लिहून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हे उकर्ड्याचं.

उकर्डा गुरुजींचा मुलगा. त्याच्या आधीची दोन लेकरं जगली नव्हती. म्हणून हा झाल्याबरोबर सुईण भिमाबाईनं त्याला घरामागच्या उकिरड्यावर क्षणभर ठेवलं, सापडलं म्हणून उचलून आणलं, नाक टोचलं आणि नाव उकर्डा ठेवलं. टाकून दिलेल्यावर मृत्यूचीही नजर जात नाही, अशी गावाकडची समजूत. गुरुजींचा तिच्यावर विश्वास नव्हता, पण ते आड आले नाहीत. तो चौथीत असताना तापानं गेला. घरात त्याचं नाव फारसं निघत नसे. फक्त संक्रांतीला मनकर्णाबाई एका लहान वाटीत तिळाचा एक लाडू वेगळा ठेवायच्या. कोणासाठी, ते दोघंही बोलत नसत. संध्याकाळी तो गाईला जायचा.

गुरुजींनी लिहिलेलं खोडलं नाही. पोटावर पाटी कोणतं पोर घासत नाही? आणि उकर्डाही त्यांच्याच वर्गात होता. उलट त्याची एक खोडी वरवट बकालला जाऊन येईल याचं त्यांना मनातून थोडं बरं वाटलं. पुढे जागा अडली की ते त्याच्याकडूनच काहीतरी घेऊ लागले. शालूबाईला लिहिलं की हजेरीत नाव यायच्या आधीच 'हजर' म्हणायचीस. गफ्फारला लिहिलं की छकड्याचं जू पडून भुवई फुटली तरी रडला नाहीस. टोपीत फुटाणे लपवणं एकाला गेलं, गोष्ट संपायच्या आधी झोपून जाणं दुसऱ्याला. कागद झराझर भरले. फक्त जहांगीरचा त्यांनी बाजूला ठेवला. त्यानं 'खरं लिहा' असं म्हटलं नव्हतं, पण गुरुजींना ते ऐकू आल्यासारखं वाटत होतं.

पहिलं उत्तर पुंजाजीचं आलं.

"गुरुजी, तुमचं पत्र सोयऱ्याधायऱ्यात वाचून दाखवलं. पाटी पोटावर घासायचो ते खरंच. माय रोज मारायची. तुम्ही एकदा माझा सदरा वर करून साऱ्या वर्गाला पोटावरचा भारताचा नकाशा दाखवला होता, ते विसरले काय?"

गुरुजी एकटेच हसले. आणि हसता हसता थांबले. नकाशाचं त्यांनी लिहिलं नव्हतं. ते झालं होतं मात्र. भर वर्गात, आपल्याच मुलाच्या पोटावर बोट ठेवून त्यांनी लंका कुठं राहिली असं विचारलं होतं.

त्यांनी डोळे मिटले. ऊन होतं, ओली पाटी होती, काळंसावळं पोट होतं आणि त्यावर पांढरा फराटा. नजर वर गेली. चेहरा पुंजाजीचा होता. पुंजाजीला कधी पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि आता तो कानातल्या बाळीसकट स्पष्ट उभा होता.

वय झालं, त्यांनी मनाशी म्हटलं. आयुष्यभर त्यांना दुसऱ्याच्या सांगण्यापेक्षा स्वतःच्या आठवणीचाच भरवसा कमी वाटत आला होता.

शालूबाईचं उत्तर आलं. सासरी अजून कोणी हाक मारायच्या आधीच 'हजर' म्हणते म्हणून नणंदा चिडवतात. मग आणखी पत्रं आली. सगळ्यांना गुरुजींनी लिहिलेलं पटलं होतं. इतकंच नव्हे, प्रत्येकानं त्यात आपल्या पदरचं थोडं घातलं होतं, आणि ते थोडंही गुरुजींच्या घरातलंच होतं.

थंडी वाढली तेव्हा गफ्फार स्वतःच आला. तो खामगावचा पिंजारी, गाद्या-रजया भरायला गावोगाव हिंडणारा. कापूस पिंजायची धनुकली दाराला टेकवून त्यानं वाकून पाय धरले. केसांत, मिशांत कापसाचे तंतू अडकलेले होते. डाव्या भुवईतून एक आडवी खूण गेली होती, तिथं केस उगवलेले नव्हते.

गुरुजी त्या खुणेकडे पाहत राहिले.

"हे तेच ना गुरुजी," गफ्फारनं भुवईवर बोट फिरवलं. "तुमच्या मांगच्या आंगणात छकडा उभा होता. मी लोंबकाळलो अन् जू आलं डोक्यावर. काकीनं हळद भरली, मंग गूळ देला. बीवीले आजवर सांगत होतो का पडलो होतो कुठीतरी. तुमचं पत्र आलं तवा बरोबर याद आली."

मनकर्णाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन त्याच्या भुवईला हात लावला, अगदी अलगद, जखम अजून ओली असल्यासारखा.

"अन् तू रडला नाहीस," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, हे पोरगं दगडाचं हाये का काय."

गुरुजींनी हातातला पेला खाली ठेवला. हे वाक्य त्यांनी या घरात, याच आवाजात पूर्वी ऐकलं होतं. तेव्हा समोर दुसरं कोणी होतं.

गफ्फार चहा पिऊन गेल्यावर ते म्हणाले, "मनकर्णा, ती जखम उकर्ड्याची."

त्या कपबश्या उचलत होत्या. जरा थांबल्या. कपाळाला बारीक आठी पडली.

"त्यालेही लागलं होतं?" मग आठी गेली. "असन. पोट्टेच ते."

पुंजाजीला चूक झाली म्हणून कळवावं, असं गुरुजींनी ठरवलं. कार्ड घेऊन बसलेही. पण लिहायचं काय? ते पोट तुझं नव्हतं? गफ्फारला काय सांगायचं, भुवईवरची खूण परत दे? त्यांनी कार्ड तसंच पंचांगात ठेवलं.

संक्रांत आली. मनकर्णाबाई गुळाचा पाक करता करता गुणगुणत होत्या. गेल्या कित्येक वर्षांत गुरुजींनी त्यांचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं. लाडू वळून झाले, ताटात मांडून झाले, डब्यात भरून झाले. गुरुजी चुलीजवळच्या पाटावर बसून वाट पाहत होते.

"वाटी?" त्यांनी शेवटी विचारलं.

"कोणती वाटी?"

"उकर्ड्याची."

त्यांनी वळून पाहिलं. चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण नव्हती. चेहरा स्वच्छ होता, झोप पुरी झालेल्या माणसासारखा.

"उकर्डा कोण जी? तुमच्या शाळेतला काय? त्याच्यासाठी बांधून देऊ का चार?"

गुरुजी उठले, वहाणा घातल्या आणि भिमाबाईच्या घरी गेले. ती आता फार थकली होती, उन्हात बसून असायची, पण गावातलं कोणतं पोर कोणत्या पावसात झालं ते तिला विचारावं.

"भिमाबाई, माझ्या पोराला तू उकिरड्यावर ठेवलं होतंस. आठवतं?"

म्हातारीनं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. "नारायणा? तुह्याले पोरगं कुठं होतं बापू. दोन झाले, दोन्ही गेले."

"तिसरा."

"तिसरं झालंच नाही. मीच तं होती." तिनं त्यांच्या मनगटाला हात लावून पाहिला. "काऊन रे? बरं नाही वाटत काय?"

घरी येताना गुरुजी शाळेवरून आले. मधली सुट्टी होती. पोरं ओरडत होती. त्यांनी उकर्ड्याचा चेहरा आणायचा प्रयत्न केला. पुंजाजी आला, गफ्फार आला, वेणी पुढे घेतलेली शालूबाई आली. सगळे पोरवयाचे, सगळे ठळक. त्यांच्यामागे कोणी नव्हतं.

दोन-चार दिवसांनी हिंमतराव आले.

"सारे गेले गुरुजी. जहांगीरचंच राह्यलं. हा घ्या, लिफाफा करून आणला त्याचा."

"त्याचं मला काही आठवत नाही."

"काहीतरी लिहा ना. खुश होईन बिचारा. एकटा हाये."

हिंमतराव गेले. गुरुजींनी पंचांग उघडलं. मी लहान होतो हे सांगणारं आता कोणी उरलं नाही.

त्यांच्यापाशी एकच गोष्ट उरली होती. ती त्यांनी कोणाला दिली नव्हती, कारण ती द्यायची म्हणून कधी मनातही आली नव्हती. ताप उतरत नव्हता तेव्हाची. मुलानं त्यांचा अंगठा मुठीत धरला होता. औषध द्यायला हात हवा होता तरी सोडत नव्हता. शेवटी ती मूठ उघडावी लागली होती.

चेहरा नव्हता. आवाज नव्हता. फक्त ती पकड होती.

ही गोष्ट आता जगात एकट्या गुरुजींना माहीत होती. मनकर्णाबाईंना सांगावी तर त्या ऐकून घेतील आणि विचारतील, कोणाचं पोर? त्यांचं गुणगुणणं पुन्हा थांबेल, किंवा थांबणारही नाही. आणि आपल्याला तरी खात्री आहे का? तापलेल्या कितीतरी पोरांच्या घरी ते जाऊन बसले होते. त्यांतल्याच एखाद्यानं अंगठा धरला असेल. एक माणूस एकीकडे आणि सारं गाव दुसरीकडे, तर चूक कोणाची असणार? शाळेत त्यांनी हेच शिकवलं होतं.

त्यांना खोकला होता. आणखी किती वर्षं? ते गेले की ती पकडही सरणावर जाईल. दिली, तर शेगावला राहील. सायकली दुरुस्त करील, दुपारचं जेवील, म्हातारी होईल. जे वाढायचं राहून गेलं ते कुठंतरी वाढेल.

त्यांनी कागद पुढे ओढला.

नावाच्या जागी लिहिलं, जहांगीर.

लांब रेघेवर लिहिलं, 'तुला ताप आला होता तेव्हा मी शेजारी बसलो होतो. तू माझा अंगठा धरून ठेवलास आणि सोडला नाहीस.'

खाली मशीनच्या मजकुराबाहेर, स्वतःच्या मनानं एक ओळ घातली. 'होय, तू माझ्या लक्षात आहेस.'

लिफाफा चिकटवून ते निघाले. बाजाराचा दिवस नव्हता, रस्ता मोकळा होता. भिंतींना तुरीच्या काड्या लावून ठेवलेल्या होत्या. ते तोंडातल्या तोंडात एक नाव घेत चालले होते. एका पावलाला एकदा. थांबलं तर निसटेल म्हणून थांबत नव्हते.

पोस्टाच्या पायरीवर पोस्टमन उन्हाला बसून विडी ओढत होता. त्यानं हात जोडले. गुरुजींनी मानेनंच नमस्कार घेतला. ओठ हलतच होते.

लाल पेटीपुढे ते उभे राहिले. पत्ता एकदा वाचला. लिफाफा फटीत अर्धा सरकवून क्षणभर तसाच धरला.

मग सोडला. आत तो पडल्याचा हलका आवाज झाला.

"काय म्हणून राह्यले गुरुजी?" पोस्टमननं विचारलं. "मघापासून पाहतो, तोंडातल्या तोंडात चालू हाये."

गुरुजी वळले. "मी? काही नाही."

"कोणाचं तरी नाव घेऊन राह्यले होते."

"जहांगीरचं असेल. त्याला पत्र टाकलं. माझा जुना विद्यार्थी." त्यांचा चेहरा उजळला. "फार गुणी पोरगा. एकदा तापानं अगदी हातचा जात होता. मीच बसलो होतो उशाशी."

"वाचला ना पण."

"वाचला तर."

पोस्टमननं विडी पायरीवर विझवली. "अन् अंगठ्याले काय झालं?"

गुरुजींनी खाली पाहिलं. डावा हात त्यांनी जरा खाली, बाजूला धरला होता आणि अंगठा बोटांपासून वेगळा काढून ठेवला होता. तो कोमट लागत होता. त्याच्याभोवती, घट्ट दोरा नुकताच सोडल्यावर उमटतो तसा, एक फिकट वळ होता. पाहता पाहता तो वळ भरून आला आणि दिसेनासा झाला.

"लिफाफ्याचा डिंक लागला असेल," ते म्हणाले, आणि अंगठा धोतराला पुसून घराकडे चालू लागले.